जॅक्सनबाईंची शिकवणी

कॉलेजात त्यांना सगळे जॅक्सनबाई म्हणत, आणि जगात ज्या माणसाचा त्यांना सर्वांत जास्त तिटकारा होता तो नेमका जॅक्सनच. अमेरिकेचा हा सातवा राष्ट्राध्यक्ष वर्गात आला की बाईंचं नाक आपोआप वर जायचं. खडू बोटांत असा धरायच्या, की जणू कुणीतरी वापरलेला रुमाल उचलावा. फळ्यावर नाव लिहायच्या आणि हात झटकायच्या. पोरांना तेवढंच लक्षात राहिलं. नाव पडलं ते पडलंच.

'अमेरिकेचा राजकीय इतिहास, १८०० ते १८४०' हा त्यांचा पेपर. इतिहास विभागात तो कुणालाच नको होता. महायुद्धात तोफा असतात, क्रांतीत मुंडकी उडतात. इथे नुसती जकात, बँक आणि खुर्च्यांसाठी भांडणं. बाई नव्या होत्या तेव्हा विभागप्रमुखांनी तो त्यांच्या गळ्यात मारला आणि पुढे तो तिथेच राहिला. बाईंची तक्रार नव्हती. तुच्छतेने बघायला एक अख्खा देश मिळाला होता. आसपासची माणसं त्यांना त्या कामी अपुरी पडायची.

तशी तीही काही कमी नव्हती. विभागप्रमुख स्वतःच्या विद्यार्थिदशेतल्या वह्या वाचून दाखवायचे आणि त्याला व्याख्यान म्हणायचे. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांना विचारायचा, "आता नीट दिसतंय?" आणि घरी आल्यावर स्वतः कशाकडेच नीट बघायचा नाही. विद्यार्थ्यांबद्दल तर बोलायलाच नको. एकाने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की जॅक्सनने बँक लुटली. बँक मोडीत काढणं आणि बँक लुटणं यातला फरक त्याला समजावून सांगायला बाईंनी अर्धा तास घालवला, आणि शेवटी त्याने विचारलं, "पण मॅडम, यातलं ऑप्शनला काय टाकायचं?"

"तुझं डोकं टाक," बाई म्हणाल्या. "नाहीतरी वापरात नाही."

पण साऱ्या तुच्छतेचा केंद्रबिंदू म्हणजे त्यांचा धाकटा दीर. बाई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळेच्या शेवटच्या वर्गात होता आणि इतिहासात गटांगळ्या खात होता. बाईंनी त्याला शिकवून पाहिलं. सनावळ्या त्याच्या डोक्यात शिरायच्या आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडायच्या. तो नापास झाला, खिळे-पाइप-कुलपांचं दुकान काढलं, दुकानासमोरचा रस्ता दुरुस्त व्हावा म्हणून नगरपालिकेत शिरला आणि तिथून कॉलेजच्या संस्थेचा अध्यक्ष होऊन बसला. ज्याला कॉलेजचा उंबरठा कधी ओलांडता आला नाही, तो आता कॉलेजचा मालक असल्यासारखा गाडीतून उतरायचा. प्राचार्य निवृत्त झाल्यावर त्याने त्यांच्या खुर्चीवर स्वतःचा एक मित्र बसवला. हा मित्र पदवीधर होता, नाही असं नाही. पण आयुष्यभर त्याने कॉलेजांना बाकं पुरवली होती. बाई म्हणायच्या, "बरं झालं. बाकं कशी असतात एवढं तरी त्याला माहीत आहे."

हे बाकवाल्या प्राचार्यांच्या कानावर गेलं असावं. कारण त्याच सत्रात त्यांनी संस्थेच्या बैठकीत विषय काढला, की हा अमेरिकेचा पेपर बंद करावा. दोनशे वर्षांपूर्वी कोण कुठे निवडून आला याचा आपल्या पोरांना उपयोग काय?

बाईंना बैठकीत बोलावलं गेलं. लांबट टेबलाभोवती एक लाकडाचा व्यापारी, एक दंतवैद्य, दोन पेट्रोलपंपवाले आणि मधोमध भाऊजी, म्हणजे तो दीर. घरात बाई त्याला भाऊजीच म्हणत. इथे काय म्हणावं ते न कळून त्यांनी काहीच म्हटलं नाही.

"वहिनी, बसा," भाऊजी म्हणाला. "काय शिकवता ते आम्हालाही सांगा की थोडं. आम्ही पण शिकू."

सगळे हसले. बाईंनी ठरवलं, यांच्या तोंडावर यांचंच चित्र काढायचं. त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी जॅक्सनची निवडणूक सांगायला सुरुवात केली. समोरचा उमेदवार कसा विद्वान, सात भाषा वाचणारा, पहाटे उठून अभ्यास करणारा. आणि हा कसा शीघ्रकोपी, बंदुकीचा दर्दी, व्याकरणाचा शत्रू. याच्या माणसांनी गावोगाव समित्या कशा काढल्या, वर्तमानपत्रं कशी हाताशी धरली, हिकरीच्या टणक लाकडावरून त्याला टोपणनाव मिळालं तर चौकाचौकांत हिकरीचे खांब कसे पुरले. आणि निवडून आल्यावर सरकारी नोकऱ्या कशा वाटल्या. "त्याचं म्हणणं होतं," बाई एकेकाकडे बघत म्हणाल्या, "की सरकारी काम इतकं सोपं असतं की कुठल्याही धडधाकट अकलेच्या माणसाला जमतं. मग काय, नाक्यावरचा कुणीही पोस्टमास्तर! अंगी पात्रता नको, फक्त निष्ठा हवी." असं म्हणून त्यांनी बाकवाल्या प्राचार्यांवर नजर रोखली.

बाईंना वाटलं, लागला बाण. मग भाऊजीने टेबलावर थाप मारली.

"वा! काय माणूस होता हो!"

"कोण?" बाईंनी विचारलं.

"तुमचा जॅक्सन. अगदी माझ्या मनातलं बोलला बघा. काम सोपंच असतं, हे शिकलेले लोक उगाच अवघड करून ठेवतात." त्याने प्राचार्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हा पेपर बंद? डोकं फिरलं का तुमचं? हा तर सगळ्यांना सक्तीचा करायला पाहिजे."

प्राचार्यांनी मान डोलावली. पेपर बचावला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. अपमान करायला गेलेल्या माणसाला हार घालून परत पाठवावं, तसं झालं होतं.

आठवड्याने भाऊजी घरी आला. नवरा भिंगं पुसत बसला होता. भाऊजीने नगराध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं होतं. त्याच्या कार्यकर्त्यांना चार गोष्टी सांगायच्या होत्या, आणि त्या सांगायला वहिनीच हव्या होत्या.

"मी? तुमच्या लोकांना?" बाई म्हणाल्या. "त्यांना अमेरिका नकाशात तरी दाखवता येईल का?"

"नकाशा नको, वहिनी. ते समित्यांचं सांगा. खांबांचं सांगा. नुसता इतिहास सांगायचा, बाकी आमचं आम्ही बघतो." मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, "तुमच्या पेपरचा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा निघणार म्हणे. मी आहे म्हणा."

तो गेल्यावर बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"ऐकलं," नवरा म्हणाला.

"मग?"

"तुम्हाला शिकवायला आवडतं," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग पुसू लागला.

बाई गेल्या. स्वतःला त्यांनी सांगितलं की पेपर वाचवायला चाललो आहोत, आणि ते खोटंही नव्हतं. भाऊजीच्या दुकानाच्या वर एक लांब खोली होती. एका बाजूला पाइपांचे जुडगे, रंगाचे डबे, आणि समोर खुर्च्यांवर माणसं: सलूनवाला, रिक्षावाले, एक भाजीचा ठोक व्यापारी, शिवणकाम शिकवणारी एक बाई, आणि पहिल्या रांगेत लाउडस्पीकरवाला. हा लाउडस्पीकरवाला म्हणजे भाऊजीचा उजवा हात. आवाज असा की खोलीत बोलला तरी रस्त्यावरची माणसं वळून बघत. अंगाला तंबाखूचा वास, बोटांवर सोल्डरिंगचे डाग.

बाईंनी नाक आक्रसून सुरुवात केली. आणि मग असं काही झालं, की जे त्यांच्या वर्गात इतक्या वर्षांत झालं नव्हतं. ते लोक ऐकत होते. नुसते ऐकत नव्हते, पुढे सरकून बसले होते. बाईंनी १८२४ची निवडणूक सांगितली, की जॅक्सनला सर्वांत जास्त मतं मिळूनही बहुमत नव्हतं, निवाडा लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकडे गेला आणि तिथे तो हरला, तेव्हा सलूनवाल्याच्या तोंडून शिवी निघाली. बाईंना त्या शिवीचा राग यायला हवा होता. नाही आला. कॉलेजातल्या एका पोराने तरी या निकालावर कधी शिवी दिली होती का?

"मग त्याने काय केलं? घरी बसला?" लाउडस्पीकरवाल्याने विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागला."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"ह्याला म्हणतात माणूस," लाउडस्पीकरवाला म्हणाला, आणि खोलीभर माना हलल्या.

कसली ही माणसं, बाईंच्या मनात आलं. यांना कोण बरोबर आणि कोण चूक याच्याशी देणंघेणं नाही. कोण जिंकलं एवढंच हवं. तरीही पुढच्या खेपेला त्या वेळेआधीच पोहोचल्या. घरून निघताना त्यांनी साडी बदलली, हेही खरं. जकातीच्या भांडणात रिक्षावाल्यांना गोडी वाटावी म्हणून त्या कापसाचे आणि कापडाचे भाव सांगू लागल्या. वर्गात त्या जे कोरड्या तोंडाने उरकायच्या, ते इथे हातवारे करून सांगू लागल्या. इथली माणसं मूर्ख होती, असं त्यांचं मत कायम होतं. फक्त ती त्यांची मूर्ख माणसं झाली होती.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी बिलियर्डच्या टेबलाची गोष्ट सांगितली. जॅक्सनचा प्रतिस्पर्धी तेव्हा राष्ट्राध्यक्ष होता. राष्ट्राध्यक्षांच्या निवासात त्याने खेळायला बिलियर्डचं एक टेबल घेतलं, तेही स्वतःच्या पैशाने. पण ते सरकारी खर्चात घातलं अशी हूल उठली, आणि जॅक्सनच्या माणसांनी ती देशभर पसरवली: गरिबाच्या करातून हा जुगाराची टेबलं घेतो! "बघा, किती खालच्या पातळीवर माणसं जातात," बाई शेवटी म्हणाल्या. बोलताना त्या किळसेने खांदे उडवत होत्या. समोर कुणाला किळस आल्याचं दिसलं नाही. लाउडस्पीकरवाला आढ्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

भाऊजीच्या विरोधात गावातले हेडसर उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक, इतिहासाचे शिक्षक. बाईंना शाळेत इतिहास त्यांनीच शिकवला होता आणि बाई ज्यांना तुच्छ मानत नसत अशा माणसांची यादी केली असती, तर त्यात पहिलं आणि बहुधा शेवटचं नाव त्यांचंच निघालं असतं. मत त्यांनाच द्यायचं, हे बाईंचं ठरलेलं होतं. भाऊजीच्या लोकांना शिकवणं आणि सरांना मत देणं यात काही विसंगती आहे, हे त्यांना जाणवलं नव्हतं. इतिहास सांगणं म्हणजे काही प्रचार नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

प्रचार सुरू झाला. गल्लोगल्ली समित्या निघाल्या. भाऊजीचं टोपणनाव 'हातोडा' पडलं आणि पुठ्ठ्याचे हातोडे घरांच्या दारांवर, रिक्षांवर, सलूनच्या आरशांवर लागले. बाई कॉलेजला जाताना ते बघायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. तरी कोपऱ्याकोपऱ्यावर ते मोजावेसे वाटत, आणि एखाद्या गल्लीत दिसले नाहीत तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग एका सकाळी, वर्गात शिकवत असताना, खिडकीबाहेरून तो आवाज आला.

"शाळेच्या पैशाने टेबल टेनिसचं टेबल घेतलं कुणी? आणि ते घरी नेलं कुणी? आपल्या पोरांच्या तोंडचा खेळ पळवला कुणी? विचारा हेडसरांना!"

बाईंच्या हातातला खडू थांबला. पोरं खिडकीकडे बघून हसू लागली. बाईंना ते टेबल माहीत होतं. त्या दहावीत असताना एका टेम्पोतून ते शाळेत आलं होतं आणि सरांनी आपल्या पगारातून घेतलं होतं, कारण शाळेने पैसे नाकारले होते. टेबल उतरवायला वर्गातल्या सगळ्यांचे हात लागले होते, बाईंचेही. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेला ते अडगळ वाटू लागलं होतं, म्हणून सर ते घरी घेऊन गेले.

वर्ग अर्धवट सोडून बाई भाऊजीच्या दुकानात गेल्या. तो गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होता.

"ते टेबलाचं थांबवा," बाई म्हणाल्या.

"का हो, वहिनी?"

"ते खोटं आहे. मला माहीत आहे."

"असेल." भाऊजीने बिजागरी उघडमीट करून पाहिली. "तुमचंच आहे की ते. तुम्हीच शिकवलंत."

"मी ते नीचपणाचा नमुना म्हणून सांगितलं होतं!"

"पण ते जिंकले ना?" त्याने शांतपणे विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. खरोखरच शंका असल्यासारखा तो बघत होता, शाळेत असताना सनावळी चुकली की बघायचा तसा. "मग आम्ही त्यातून काय शिकायचं होतं, वहिनी?"

नापास मुलाने प्रथमच बरोबर उत्तर द्यावं आणि ते शिक्षकालाच चूक ठरवता येऊ नये, असा तो प्रकार होता.

तिथून त्या तडक सरांकडे गेल्या. ते टेबल सरांच्या पुढच्या खोलीत होतं. जाळी कधीच फाटून गेली होती. अर्ध्यावर पुस्तकं, अर्ध्यावर औषधं, पाण्याचा तांब्या, घड्या केलेले कपडे. सर त्याच टेबलावर बसून सफरचंद कापत होते.

"सर, एक पत्रक काढा," बाई म्हणाल्या. "टेबल तुमच्या पैशाचं आहे म्हणून सांगा."

"मी?" सरांनी सुरी खाली ठेवली. "आयुष्यभर इथे शिकवलं. आता दारोदार जाऊन टेबलाचा खुलासा करत फिरू? ज्यांना एवढंही कळत नाही, त्यांची मतं मला नकोत."

बाई चमकल्या. हाच सूर, हेच नाक. असं बोलताना माणूस बाहेरून कसा दिसतो, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आणि जो एकटा माणूस त्यांना आदराचा वाटायचा, त्याचा त्यांना संताप आला. "मग हराल, सर."

"हरेन."

"आणि ते येतील."

"येऊ देत." सरांनी सफरचंदाची फोड पुढे केली. बाईंनी घेतली नाही. तेव्हा सर म्हणाले, "टेबल उतरवायला तूही होतीस, नाही का? मग तू सांग. तुझं ऐकतात म्हणे ते लोक. मी ऐकलंय, दुकानावरची खोली भरून जाते."

बाईंना पेपर आठवला, पुढची बैठक आठवली, दीर आठवला, घर आठवलं. आणि पुढे सरकून बसलेली ती माणसंही आठवली. हे सांगितलं तर ती पुन्हा तशी बसणार नव्हती.

"बघते," त्या म्हणाल्या.

"बघ," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी थंड तुच्छता होती की बाईंना ती ओळखीची वाटली. सरांकडूनच तर त्यांनी ती उचलली होती.

त्यांनी काही केलं नाही. कुणाला सांगितलं नाही, पत्रक काढलं नाही. दुकानावरच्या खोलीत जाणं मात्र थांबवलं, डोकं दुखतं असं कारण सांगून. हेही त्यांना स्वतःला पुरेसं भेकडपणाचं वाटलं. मतदानाच्या दिवशी त्यांनी मत सरांनाच दिलं. एका मताने काय होणार होतं? भाऊजी धो धो मतांनी निवडून आला.

विजयाची मिरवणूक भाऊजीच्या घरावर आली आणि थेट आत शिरली. बाई जावेच्या मदतीला गेल्या होत्या. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चिखलाचे बूट घालून माणसं सोफ्यावर उभी होती, कुणीतरी फुलदाणी पाडली, कुणी पडद्याला हात पुसले. जाऊ स्वयंपाकघराच्या दारात रडवेली झाली होती.

"ताई, काय करू हो? हे काही हलत नाहीत! दुसरी फुलदाणी आईची आहे माझ्या."

"सरबताची पातेली बाहेर अंगणात नेऊन ठेव," बाई म्हणाल्या. "आत एक थेंब देऊ नकोस."

"त्याने काय होणार?"

"ने तर खरी."

पातेली अंगणात गेली आणि पाच मिनिटांत दिवाणखाना रिकामा झाला. जाऊ डोळे विस्फारून बघत राहिली. "तुम्हाला कसं सुचलं हो?"

"शपथविधीच्या दिवशी जॅक्सनच्या घरात हेच झालं होतं," बाई म्हणाल्या. आयुष्यभर शिकवलेल्या विषयाचा काहीतरी उपयोग झाला होता: एक फुलदाणी वाचली होती. त्यांना हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

अंगणात भाऊजी खुर्चीवर चढला. सगळ्यांचे आभार मानले. मग बाईंकडे हात करून म्हणाला, "आणि या आमच्या वहिनी. आमच्या गुरू. आपले प्राचार्य आता नगरपालिकेत माझ्याबरोबर येताहेत. त्यांच्या जागी कॉलेजच्या नव्या प्राचार्य वहिनी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लाउडस्पीकरवाल्याने तोंडानेच तुतारी वाजवली. बाईंना त्यांचाच एक धडा आठवला. १८२५ साली हेन्री क्ले नावाच्या पुढाऱ्याने जॅक्सनच्या प्रतिस्पर्ध्याला राष्ट्राध्यक्ष व्हायला मदत केली आणि लगेच परराष्ट्रमंत्रिपद घेतलं. सौदा झाला होता की नाही हे कधीच सिद्ध झालं नाही, पण तो डाग त्याच्या अंगावरून मरेपर्यंत गेला नाही. आपण तिथे असतो तर नाही म्हटलं असतं, अशी बाईंची पक्की समजूत होती. इथे मात्र पहिल्या क्षणी त्यांना प्राचार्यांच्या खोलीतली मोठी खिडकी आठवली, आणि पुढे विभागप्रमुखांचं तोंड कसं होईल, तेही.

"नाही," त्या म्हणाल्या.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्या पुन्हा, मोठ्याने म्हणाल्या. टाळ्या विरल्या.

"काय झालं, वहिनी? नाराज आहात?" भाऊजीने खुर्चीवरून वाकून विचारलं.

"ते टेबल हेडसरांनी स्वतःच्या पैशाने घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "मी उतरवून घेतलंय टेम्पोतून. तुम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलंत, आणि ते मी शिकवलं."

मग सलूनवाला म्हणाला, "अहो बाई, पण आता निकाल लागला की." तो समजुतीने, अगदी आपुलकीने म्हणाला. आणि सगळे पुन्हा सरबताकडे वळले. कुणी चिडलंसुद्धा नाही. चिडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या सरांकडे गेल्या आणि झालेलं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

"मतदानाआधी सांगितलं असतंस तर त्याला अर्थ होता," ते म्हणाले. "आता तू फक्त स्वतःची धुणी धुतलीस."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही ती धुतलीसुद्धा नाहीत."

सरांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला, बाईंना टेकायला टेबलाची कड मोकळी करून दिली. दोघं तिथेच बसून राहिले. एकमेकांना माफ केलं असं काही नव्हतं. दोघांना दुसरीकडे जायला जागा नव्हती, एवढंच.

पुढच्या बैठकीत अमेरिकेचा पेपर बंद झाला. भाऊजीने स्वतः हात वर केला. त्याला राग नव्हता, फक्त आता गरज नव्हती. बाईंना 'संभाषण कौशल्य' हा विषय मिळाला. फोनवर बोलायला सुरुवात कशी करावी, मुलाखतीत हात कुठे ठेवावेत. पोरांची हजेरी वाढली. घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघत म्हणाला, "प्राचार्य झाला असतात तर मला तुमची लाज वाटली असती." इतकी वर्षं हा माणूस बघत होता की काय?

पावसाळा उलटून गेल्यावर एका रविवारी दारात लाउडस्पीकरवाला उभा राहिला. हातात फळांची पिशवी. त्याला नगरपालिकेच्या सभागृहाचं व्यवस्थापकपद कबूल केलं होतं, ते भाऊजीच्या मेव्हण्याला गेलं होतं.

"बाई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. आवाज कधी नव्हे तो खाली होता. "त्या जॅक्सनच्या लोकांना पुढे कुणी हरवलं का? आणि कसं हरवलं?"

हरवलं होतं. १८४० साली विरोधकांनी त्यांच्याच युक्त्या उचलल्या, त्यांच्याहून मोठ्या मिरवणुका काढल्या, सधन घरातल्या उमेदवाराला लाकडी झोपडीतला गरीब माणूस म्हणून फिरवलं आणि दणदणीत जिंकले. सांगायला एक संध्याकाळ पुरली असती. तो पुढे वाकून उभा होता, दुकानावरच्या खोलीत बसायचा तसाच. असा विद्यार्थी बाईंना कॉलेजात कधी मिळाला नव्हता आणि आता मिळणारही नव्हता.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं? तुम्हाला ठाऊक नाही?"

"माझा पेपर तिथेच संपतो."

त्याने तोंड पाडलं, पिशवी चपलांच्या फडताळावर ठेवली आणि गेला. बाईंनी ती उचलून आत आणली. फळं चांगली होती. मग त्या खिडकीपाशी बसल्या आणि संभाषण कौशल्याच्या उत्तरपत्रिका तपासू लागल्या. पहिल्याच मुलाने लिहिलं होतं की चांगल्या संभाषणात समोरच्याला जे ऐकायचं आहे तेच सांगावं. बाईंनी लाल पेनाने त्यावर काट मारली, मग पाठ्यपुस्तक उघडून पाहिलं. तिथेही तेच लिहिलं होतं. त्यांनी पाठ्यपुस्तकावरही काट मारली.